देशाचा तेलसाठा खडकात आहे, मग आपल्या पंपावर डिझेल का संपतं?

वऱ्हाडी_नांगर (धागाकर्ता)

राजेहो, सोयाबीन सोंगणीला आलं की हार्वेस्टर, थ्रेशर, ट्रॅक्टर सगळे एकदम पंपावर येतात आणि नेमकी तेव्हाच "डिझेल नाही" अशी पाटी लागते. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर बातमी दाखवतं की देशाकडं ७४ दिवसांचा तेलसाठा आहे, जमिनीखाली खडकात भरून ठेवलाय. मग पारावर एकच प्रश्न फिरतो. एवढा साठा आहे, तर तो दारव्हा-दिग्रसच्या, मेहकर-रिसोडच्या पंपावर का येत नाही?

या विषयातली जाणकार मंडळी इथं आहेत म्हणून धागा काढतोय. हा साठा नेमका कशाचा, कुठं आणि कोणाच्या ताब्यात? खडकात तेल ठेवलं तर ते झिरपून जात कसं नाही? बाहेर काढायचा हुकूम कोणाचा? आणि आपल्या पंपाशी त्याचा संबंध किती? आकड्यांनिशी लिहा. पक्षांचं राजकारण इथं नको.

---

साठा_हिशोब

भाऊ, पहिल्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. हा साठा डिझेलचा नाही, कच्च्या तेलाचा आहे. गहाणीतल्या तुरीची डाळ करायला जशी गिरणी लागते तसं कच्च्या तेलाचं डिझेल करायला रिफायनरी लागते. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सांभाळणारी कंपनी म्हणजे इंडियन स्ट्रॅटेजिक पेट्रोलियम रिझर्व्ज लिमिटेड, सगळे आयएसपीआरएल म्हणतात. २००४ साली स्थापन झाली. आज ती संपूर्णपणे तेल उद्योग विकास मंडळाच्या, म्हणजे ओआयडीबीच्या मालकीची आहे, आणि हे मंडळ १९७४ च्या कायद्यानं झालेलं, पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखालचं. म्हणजे कंपनी सरकारीच, पण इंडियन ऑइल किंवा हिंदुस्तान पेट्रोलियमसारखी विक्री करणारी नाही. तिचे ना पंप, ना रिफायनरी. तिचं काम राखणदाराचं.

जागा तीन:

विशाखापट्टणम – १३.३ लाख टन. यातला ३ लाख टनांचा कप्पा हिंदुस्तान पेट्रोलियमचा.
मंगळुरू – १५ लाख टन, साडेसात-साडेसात लाखांचे दोन कप्पे.
पादूर (उडुपीजवळ) – २५ लाख टन, चार कप्पे.

एकूण ५३.३ लाख टन. एका टनात साधारण ७.३३ पिंपं, म्हणजे जवळपास ३ कोटी ९० लाख पिंपं. एक पिंप १५९ लिटरचं. दुसऱ्या टप्प्यात ओडिशातलं चंडीखोल ४० लाख टन आणि पादूरलाच आणखी २५ लाख टन, याला जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, खासगी भागीदारीच्या पद्धतीनं.

आता ७४ दिवसांचं. हा आकडा दोन तुकड्यांचा आहे. २०१९-२० च्या खपावर काढलेले ९.५ दिवस या खडकातल्या साठ्याचे, आणि ६४.५ दिवस तेल कंपन्यांच्या साठवण-सोयींचे: रिफायनरीच्या टाक्या, टर्मिनल, डेपो, पाइपलाइन. बातमीत दोन्ही एकत्र येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की ७४ दिवसांचं तेल कुठंतरी कुलपात आहे. कुलपातलं फार तर साडेनऊ दिवसांचं.

---

गणित_मास्तर

वरच्या हिशोबाला जोड देतो.

साडेनऊ दिवस हे जुन्या खपावरचे. देश आता वर्षाला ढोबळमानानं २६ कोटी टन कच्चं तेल शुद्ध करतो. दिवसाचे ७ लाख टनांच्या वर झाले. ५३.३ ला ७.१ नं भागा, साडेसात दिवस येतात. साठवणीची जागा तेवढीच राहिली आणि खप वाढला की दिवस आपोआप घटतात, कोणी तेल काढलं नाही तरी.

दुसरं, हे सगळं *क्षमतेचं* गणित. पेव पाच पोत्यांचं आहे म्हणजे त्यात पाच पोती ज्वारी आहे असं नव्हे. बातमी वाचताना "क्षमता" लिहिलंय की "भरलेलं" लिहिलंय ते आधी बघावं.

आणि डिझेलपुरतं बोलायचं तर आपल्या रिफायनऱ्यांत एका पिंपातून साधारण ४० टक्के डिझेल निघतं. ३.९ कोटी पिंपांतून १.५६ कोटी पिंपं, म्हणजे २४८ कोटी लिटर. देशाचा डिझेल खप वर्षाला ९ कोटी टनांच्या आसपास, दिवसाला ३० कोटी लिटर धरा. आठ-सव्वाआठ दिवस. सगळ्या गुहा काठोकाठ भरलेल्या असल्या तरच.

---

खडकपारखी

तेल झिरपून का जात नाही, हे मी सांगतो. आपल्याकडं ज्यानं विहीर खोदलेली पाहिली त्याला हे पुस्तकाशिवाय कळेल.

विहीर पाण्याच्या पातळीखाली गेली की चहूबाजूंनी पाझर *आत* येतो. विहिरीतलं पाणी बाहेर खडकात जात नाही, कारण बाहेरच्या भेगांतल्या पाण्याचा दाब जास्त असतो. तेलाची गुहा याच नियमावर चालते. तिला लोखंडी पत्रा नाही, प्लास्टिकचं अस्तर नाही. उघडा खडक, आणि त्याच्या भेगांत भरलेलं पाणी हीच भिंत. गुहा भूजल पातळीच्या पुष्कळ खाली घेतात, त्यामुळं भेगाभेगांतून पाणी आत झिरपत राहतं आणि तेलाला बाहेर यायला वाटच उरत नाही. वर तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून आत आलेलं पाणी तळाशी जातं.

पण पाऊस कमी झाला, पातळी उतरली, तर? म्हणून निसर्गावर सोडत नाहीत. गुहेच्या माथ्यापासून साधारण २० मीटर वर एक वेगळा लहान बोगदा काढतात आणि त्यातून दोन्ही बाजूंना, दर १० मीटरच्या आसपास, लांबलचक भोकं पाडतात. या भोकांत कायम दाबाखाली पाणी भरलेलं असतं. याला पाण्याचा पडदा म्हणतात. गुहेवर धरलेली ओल्या गोधडीसारखी छत्रीच ती.

क्रम इथं फार महत्त्वाचा. पडदा *आधी* चालू करायचा, मगच त्याच्या खालचा खडक फोडायचा. उलट केलं तर खोदताना भेगांतलं पाणी गुहेत गळून जातं, भेगांत हवा शिरते, आणि एकदा हवा अडकलेली भेग पुन्हा पाण्यानं पूर्ण भरणं महाकठीण. तशा कोरड्या भेगेतून पुढं तेलाची वाफ वर सरकू शकते.

खोदाई कशी होते तेही लिहितो. गुहेचा आडवा छेद इंग्रजी डी अक्षर आडवं पाडल्यासारखा, रुंदी २० मीटर आणि उंची ३० मीटरच्या घरात. दहा मजली इमारत आत उभी राहील. एवढी उंची एका दमात फोडत नाहीत. आधी माथ्याकडचा ८-९ मीटरचा भाग पूर्ण लांबीत काढायचा, त्याच्या छताला बोल्ट ठोकायचे, वर काँक्रीटचा फवारा मारायचा. मग खालचे टप्पे एकेक करून उतरायचे. प्रत्येक सुरुंगाआधी समोरच्या खडकात शोधभोकं मारून पाणी किती येतं ते मोजतात. जास्त आलं तर आधी सिमेंटचं ग्राउट दाबून भरायचं, नंतर फोडायचं. फोडून झाल्यावर गळती बुजवायला गेलं तर सिमेंटच वाहून जातं.

छेद अंदाजे ५५० चौरस मीटर धरला तर गुहेच्या *एक मीटर* लांबीत साडेपाच लाख लिटर. २० हजारी टँकर सत्तावीस भरतील. एकेक गुहा शेकडो मीटर लांब असते.

सगळं झालं की येण्याजाण्याच्या बोगद्यात जाड काँक्रीटचं बूच बसवतात आणि बुचाच्या बाहेरचा बोगदा पाण्यानं भरून टाकतात, म्हणजे बुचाच्या कडेनंही पाझर आतच येईल. नंतर गुहेत दाबाची हवा कोंडून काही दिवस दाब पडतो का ते बघतात. तापमानाच्या फरकाची वजाबाकी करूनही दाब पडत असेल तर तेल येत नाही, आधी गळती शोधायची.

जाता जाता: एवढ्या सुरुंगांच्या स्फोटकांचा आणि पुढं पेट्रोलियम साठवणीचा परवाना ज्या खात्याकडून लागतो, त्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. देशभरातल्या तेलडेपोंच्या नकाशांवर शिक्का नागपूरचा.

---

वऱ्हाडी_नांगर (धागाकर्ता)

विहिरीच्या उदाहरणानं लख्ख झालं दादा. मग आपल्याकडं का नाही? खडक तर विदर्भात ढीगभर.

---

खडकपारखी

खडक आहे, पण कोणता ते बघावं लागतं.

अकोला, बुलढाणा, वाशीम, अमरावती, यवतमाळचा बराच भाग हा बेसाल्टचा, आपला काळा पाषाण. तो लाव्ह्याच्या थरावर थर असा बसलेला. विहीर खोदणाऱ्याला विचारा: वर मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा, खाली पुन्हा पाषाण. या थरांच्या सांध्यांतून पाणी आडवं पळतं. ३० मीटर उंचीच्या गुहेत असे दोन-तीन सांधे सापडले तर पाण्याचा पडदा एका थरात काम करील आणि दुसऱ्यात नाही. गेरूचा थर पाण्यानं फुगतो, भिंतीत टिकत नाही. वणी-चंद्रपूरकडं कोळशाचा वालुकाश्म, तो तर अजून सच्छिद्र. मंगळुरू-पादूरला ग्रॅनाइटी नीस आहे, विशाखापट्टणमला खोंडालाइट. एकसंध, जुना, कठीण.

आता कोणी म्हणेल, नीस तर भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतही आहे. खरं आहे. पण कच्चं तेल येतं जहाजानं. बंदर जवळ हवं, रिफायनरी जवळ हवी. गोंदियाला उत्तम गुहा खोदली तरी ती भरायला शेकडो किलोमीटर पाइप आणि रिकामी करायला परत तेवढाच. संकटात जो साठा आठवडाभर वाटेतच अडकेल, त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेनं खडक न फोडता मीठ वापरलंय. टेक्सास आणि लुइझियानात जमिनीखाली मिठाचे प्रचंड खांब आहेत. त्यात भोक पाडून पाणी सोडायचं, मीठ विरघळून पोकळी होते, खारं पाणी उपसायचं आणि तेल भरायचं. चार ठिकाणं, क्षमता ७१.४ कोटी पिंपं. मीठ तेलात विरघळत नाही आणि भेग पडली तरी दाबानं स्वतःच मिटतं. खर्चही कमी. आपल्याकडं तसे थर राजस्थानात बिकानेरकडं आहेत.

---

पंपहाउस

गुहा बांधून झाल्यावर ती *चालवणं* हे रोजचं काम आहे, त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जमिनीवर फार काही दिसत नाही. कुंपण, पाइप, कंट्रोल रूम आणि खाली उतरणारे उभे शाफ्ट. शाफ्टमधून पंप सोडलेले असतात, आपल्या बोअरच्या मोटारीसारखेच सबमर्सिबल, फक्त अवाढव्य. दोन जातीचे: एक तेल काढणारा, दुसरा तळाचं पाझराचं पाणी काढणारा. पाण्याचा पंप दिवसरात्र चालू-बंद होत राहतो, कारण पाझर कधी थांबत नाही आणि थांबायलाही नको.

बिघाड कुठं होतात ते क्रमानं नाही, जसं आठवेल तसं:

तेल आणि पाणी यांच्यामधली रेघ. तळाच्या खड्ड्यात ती ठरावीक पट्ट्यात ठेवावी लागते. रेघ खाली गेली तर पाण्याचा पंप तेल ओढून सांडपाणी प्रकल्पात टाकेल. वर आली तर तेलाचा पंप रिफायनरीला पाणी पाठवेल, आणि पाणी मिसळलेलं तेल डिस्टिलेशनच्या गरम कॉलमात गेलं की त्याची एकदम वाफ होऊन आतल्या थाळ्या उखडतात. म्हणून रेघ मोजणारी उपकरणं एकावर विसंबून नसतात, जोडीला दुसरं असतंच.

पडद्याची भोकं बुजणं. पाण्यातले जिवाणू भोकाच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतात. पाणी जाईनासं होतं, दाब मात्र वरून ठीक दिसतो. म्हणून पाणी गाळून, क्लोरीन मारून सोडतात आणि प्रत्येक भोकात किती पाणी जातंय त्याची नोंद ठेवतात. एखाद्या भोकाचा प्रवाह हळूहळू घटत चालला तर तो बुजतोय. *अचानक* वाढला तर खाली कुठंतरी नवीन वाट फुटलीय. दुसरं जास्त काळजीचं.

भोवतालची भूजल पातळी. गुहेच्या आजूबाजूला निरीक्षण विहिरी आणि खडकात पुरलेले दाबमापक असतात. शेजारी कोणी मोठ्या क्षमतेच्या बोअर मारून उपसा केला तर पडद्यावर ताण येतो. म्हणून भोवतालच्या पट्ट्यात बोअरवर नजर ठेवणं हे सुरक्षेचंच काम.

गाळ. कच्च्या तेलात मेण असतं. वर्षानुवर्षं न हलवता ठेवलं की मेण आणि जड भाग तळाशी बसतो. बसू दिला तर क्षमता खातो आणि पंपाच्या तोंडाशी येतो. अधूनमधून तेल फिरवावं लागतं.

वाफ. गुहा भरताना वरची वाफ दाबली जाते, रिकामी करताना पोकळी वाढते. त्या पोकळीत हवा शिरली तर स्फोटक मिश्रण तयार होतं. म्हणून तिथं नायट्रोजन भरतात. तेलवाहू जहाजांच्या टाक्यांत ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवायचा नियम आहे, विचार इथंही तोच. गंधकवाल्या तेलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो जास्त प्रमाणात असला तर नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस कोसळतो. शाफ्टजवळ मीटरशिवाय जायचं नाही, हा नियम तिथं कोणी मोडत नाही.

गुहेचा फायदा मात्र मोठा. उघड्या टाकीला ऊन, वीज, आग यांची भीती आणि उन्हानं उडून जाणाऱ्या वाफेचा रोजचा तोटा. खडकात तापमान वर्षभर जवळपास सारखं.

---

साठा_हिशोब

हुकूम कोणाचा, हे राहिलं होतं.

कंपनी स्वतःहून एक पिंपही बाजारात सोडत नाही. कधी भरायचं, कधी काढायचं हे केंद्र सरकार ठरवतं. सरकारनं सांगितलं की तेल विशाखापट्टणमहून हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीला, मंगळुरूहून तिथल्याच एमआरपीएल या रिफायनरीला जातं. पादूरचं पाइपनं मंगळुरूकडं येतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिका, जपान, कोरिया वगैरे देशांबरोबर भारतानं ५० लाख पिंपं सोडण्याची घोषणा केली होती. आपल्या रोजच्या खपाच्या मानानं एका दिवसाचं तेल. अमेरिकेनं २०२२ मध्ये १८ कोटी पिंपं सोडायचं जाहीर केलं, तेव्हा कुठं बाजारावर वजन पडलं. आपला साठा भाव पाडायला पुरत नाही. तो जहाजं अडली तर रिफायनरी बंद पडू नये यासाठी आहे, आणि सगळं नियोजन त्याच हिशोबानं बघावं.

खरी रक्कम कशात अडकते? पहिल्या टप्प्याच्या तिन्ही गुहांचा बांधकाम खर्च सुमारे ४,१०० कोटी. आता ३.९ कोटी पिंपं ७० डॉलरनं आणि ८५ रुपयांच्या डॉलरनं भरायची म्हटली तर २३,००० कोटींच्या वर जातात. म्हणजे पेव स्वस्त, धान्य महाग. आणि ते धान्य वर्षानुवर्षं पडून राहणार, व्याज चालू. म्हणून दोन गोष्टी केल्या गेल्या:

एक, स्वस्ताईत भरणं. एप्रिल-मे २०२० मध्ये कोरोनानं भाव कोसळले तेव्हा सरासरी १९ डॉलरनं १ कोटी ६७ लाख पिंपं घेतली. सरकारी आकड्यानुसार ५,००० कोटींच्या वर वाचले. सुगीत ज्वारी घेऊन ठेवण्याचाच शहाणपणा, आणि तो जमला कारण गुहांत तेव्हा जागा रिकामी होती.

दोन, जागा भाड्यानं देणं. मंगळुरूचा एक कप्पा अबुधाबीच्या अ‍ॅडनॉक या सरकारी तेल कंपनीला दिला, २०१८ पासून तिथं त्यांचं तेल. त्यांना इथं ग्राहक शोधून विकता येतं, पण आणीबाणीत त्या तेलावर पहिला हक्क भारताचा. सरकारचे पैसे अडकत नाहीत. माझं मत विचाराल तर हे पहिल्या साठ्याला *जोड* म्हणून चांगलं, *बदली* म्हणून नाही. दुसऱ्याचं तेल आपल्या कोठीत असलं तरी व्यापारी हिशोबानं ते कमीजास्त होत राहणार, आणि नेमक्या कुठल्या दिवशी संकट येईल ते कोणी सांगून येत नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवावा लागतो. भारत २०१७ पासून सहयोगी आहे, पूर्ण सदस्य नाही.

---

खापरी_ते_गायगाव

आता पंपाकडं या. धागाकर्त्याचा मूळ प्रश्न तोच आहे आणि त्याचा पादूरशी संबंध जवळपास शून्य.

विदर्भात डिझेल येतं ते तयार डिझेल. मुंबईच्या रिफायनऱ्यांकडून एक पाइप मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत येतो. तिथून आणि बाहेरच्या इतर ठिकाणांहून रेल्वेच्या टाकी-वॅगनी भरून खापरी, बोरखेडी, अकोल्याजवळचं गायगाव अशा डेपोंत माल उतरतो. एका गाडीला पन्नासेक वॅगन, एका वॅगनमध्ये ७० हजार लिटरच्या आसपास. एक गाडी म्हणजे ३५ लाख लिटर, २० हजारी पावणेदोनशे टँकर. ही एक गाडी कोळशाच्या गाड्यांच्या गर्दीत एक दिवस उशिरा आली की डेपोत दुसऱ्या दिवशी रांग लागते.

डेपोतून पंपापर्यंत टँकर, १२ किंवा २० हजार लिटरचा, आत कप्पे. पंपचालकाला पैसे *आधी* भरावे लागतात. खात्यात रक्कम जमा झाली की ऑर्डर लागते, मग गाडीचा नंबर. बँक बंद, डेपो बंद, म्हणजे गाडी नाही.

हंगामातलं गणित करून बघा. खेड्यातला पंप, रोजचा खप ३ हजार लिटर. १२ हजारांची गाडी चार दिवस पुरते. सोंगणीत खप ८ हजारांवर गेला तर तीच गाडी दीड दिवसात संपली. शुक्रवारी सायंकाळी टाकी खाली, शनिवारी पैसे भरले, रविवारी डेपोला सुटी, सोमवारी नंबर, मंगळवारी माल. तीन दिवस पाटी. देशात तेलाची टंचाई त्या तीन दिवसांत कुठंच नव्हती. टाकी लहान, आणि चालकाजवळ दुसऱ्या गाडीचे पैसे नव्हते, एवढंच. टाकीच्या तळाचं काही शे लिटर उपसता येत नाही, ते शिलकीत दिसतं पण विकता येत नाही, हेही लक्षात घ्या.

जानेवारी २०२४ आठवा. नव्या न्याय संहितेतल्या अपघाताच्या कलमावरून चालकांनी गाड्या उभ्या केल्या. दोन दिवसांत नागपुरापासून सगळीकडं पंपांवर रांगा. रिफायनऱ्या चालू होत्या, डेपोत माल होता. स्टिअरिंगवर माणूस नव्हता. रांगेतल्या प्रत्येकानं टाकी फुल केली म्हणून पंप आणखी लवकर कोरडे पडले. जो नेहमी ५०० रुपयांचं टाकतो त्यानं ३ हजारांचं टाकलं तर चार दिवसांचा माल एका दिवसाच्या आतच जाणार.

तेव्हा गावात पाटी लागली तर विचारायचं ते पंपचालकाला: ऑर्डर कधी लावली, पैसे कधी भरले, डेपो कोणता? आणि हंगामाआधी गावातल्या हार्वेस्टरवाल्यांनी आपला अंदाज पंपाला आठवडाभर आधी कळवला तर चालक त्या हिशोबानं दोन गाड्यांचे पैसे जुळवू शकतो. कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडंही ग्रामपंचायतीच्या पत्राचा उपयोग होतो.

---

चूल_आणि_गॅस

सिलिंडरचं काय? त्याचाही असा राष्ट्रीय साठा आहे का?

---

खडकपारखी

ताई, एलपीजीच्या खडकातल्या गुहा आहेत, पण त्या व्यापारी साठ्याच्या. विशाखापट्टणमला ६० हजार टनांची आणि मंगळुरूला ८० हजार टनांची. देशाचा खप दिवसाला ८० हजार टनांच्या वर. म्हणजे दोन्ही मिळून दोन दिवसांचंही नाही, आणि निम्म्याहून जास्त गॅस आपण आयात करतो. माझ्या मते कच्च्या तेलापेक्षा ही बाजू जास्त उघडी आहे.

या गुहा बऱ्याच खोल लागतात. गॅस द्रवरूपात ठेवायचा तर दाब हवा, आणि तो दाब रोखायला वर तेवढंच पाणी हवं. १० मीटर पाण्याचा दाब साधारण १ बार. ८-९ बारचा गॅस कोंडायला नुसता हिशोब ९० मीटरचा, सुरक्षिततेसाठी वर आणखी पुष्कळ. म्हणून त्या शंभर-दीडशे मीटरच्या खाली जातात.

---

वऱ्हाडी_नांगर (धागाकर्ता)

डेपोवाल्या भाऊंनी डोळे उघडले. मग हंगामापुरतं डिझेल घरी ड्रममध्ये ठेवलं तर कायद्यानं चालतं का? आणि ते किती दिवस टिकतं?

---

खापरी_ते_गायगाव

स्वतःच्या वापरासाठी चालतं. पेट्रोलियम कायद्यात डिझेल ब वर्गात. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, अट अशी की कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. त्यातलं शेजाऱ्याला *विकलं* तर मात्र गुन्हा. पेट्रोलची गोष्ट वेगळी, तिथं मर्यादा ३० लिटर, आणि प्लास्टिकच्या बाटलीत तर घेऊच नका.

---

पंपहाउस

टिकण्याबद्दल. कच्चं तेल वर्षानुवर्षं टिकतं, डिझेल टिकत नाही. देशाचा साठा कच्च्याचा ठेवण्याचं एक मोठं कारण हेच. डिझेल हवेशी संयोग पावून डिंकासारखा गाळ धरतं आणि पाणी असेल तर तेल-पाण्याच्या रेघेवर बुरशी वाढते. काळपट, शेवाळासारखा पदार्थ फिल्टरमध्ये सापडला तर तीच.

२०० लिटरच्या ड्रमसाठी: आत गंज नसलेला, आधी खाद्यतेल किंवा औषध न भरलेला ड्रम घ्या. जस्त चढवलेली टाकी नको, डिझेल जस्त विरघळवतं आणि ते नोझलमध्ये बसतं. ड्रम जवळपास पूर्ण भरा. अर्धा रिकामा ठेवला तर रात्रीच्या गारव्यानं आत दव धरतं, थेंब तळाला जातात. उभा ठेवला तर झाकणावर पावसाचं पाणी साचून आत ओढलं जातं, म्हणून आडवा, लाकडी ओंडक्यांवर, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा. दोन्ही बुचं तेलाच्या पातळीखाली राहतात, हवा ओढली जात नाही. सावलीत, गोठ्यापासून, कडब्यापासून आणि विजेच्या बोर्डापासून लांब. शेजारी कोरड्या रेतीच्या दोन बादल्या. डिझेलच्या आगीवर पाणी मारू नका.

काढायच्या आदल्या दिवशी ड्रम उभा करून ठेवा, तळाचं चार-पाच सेंटिमीटर सोडून वरचं उपसा, जाळीच्या गाळणीतून. पाणी आहे का ते बघायला पंपावर पाणी शोधायची पेस्ट मिळते. काठीच्या टोकाला लावून तळापर्यंत सोडा, रंग बदलला तेवढं पाणी. तीन महिन्यांत वापरून टाका, सहा महिन्यांच्या पुढं नेऊ नका. ड्रमवर भरल्याची तारीख खडूनं नाही, ऑइलपेंटनं लिहा.

---

गणित_मास्तर

यात एक जोडा. घेताना पंपावरच घनता बघा. १५ अंशाला आणलेल्या घनतेत टँकरच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त फरक असेल तर तो माल ड्रममध्ये भरू नका. घनतामापक, थर्मामीटर आणि रजिस्टर प्रत्येक पंपावर असतं आणि ग्राहकानं मागितलं तर दाखवावं लागतं.